एका बारीक आवाजाचा खटला

मागच्या महिन्यात बहिणीकडे गेले होते. जेवणं झाली, स्वयंपाकघरात आवराआवर चालली होती आणि बाहेरच्या खोलीत माझा भाचा नि त्याचे दोन मित्र तावातावाने भांडत होते. विषय होता ग्वेन स्टेसी, कॉमिकमधल्या स्पायडरमॅनची मैत्रीण, तिचं मरण. एकाचं म्हणणं, तिला स्पायडरमॅननेच मारलं; खाली पडताना त्याने जाळं टाकून तिला अडवलं, त्या हिसक्याने मान मोडली. दुसरा म्हणे, पण पुलावरून ढकललं कोणी? खलनायकाने, ग्रीन गॉब्लिनने. मग खुनी तोच. तिसरा थोडा वाचणारा. त्याचं मत, हिरोला रडवायचं असलं की लेखक लोक त्याची मैत्रीण मारतात, एवढंच आहे ते. एकाने मोबाइलवर पडण्याचा वेग काढला, दुसऱ्याने कसलासा व्हिडिओ लावला. तासभर वाद झाला आणि तेवढ्या वेळात ज्या अंकाबद्दल हे चाललं होतं तो अंक उघडून कोणी पाहिला नाही. पोरांना दोष देत नाही. माझ्या वयाची माणसंही वर्षानुवर्षं याच तीन वाटांनी हा वाद घालत आली आहेत.

माझं मत आधीच सांगते. ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’चा १२१वा अंक, जून १९७३चा, मोठा आहे तो त्यात नायिका मरते म्हणून नव्हे. ती नेमकी कशाने मेली हे तो सांगत नाही, आणि न सांगण्याची जागा त्याने फार कठोरपणे निवडली आहे, म्हणून तो मोठा आहे. नायकाने त्या रात्री केलेलं सगळ्यांत चांगलं काम जिथे आहे, तिथेच ती शंका ठेवलेली आहे. पुढे ज्यांनी ज्यांनी ती रिकामी जागा भरायला घेतली, आणि त्यात खुद्द प्रकाशकही आले, त्यांनी गोष्ट लहान करून ठेवली.

ज्यांनी अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखक जेरी कॉनवे, तेव्हा वय वर्षं वीस. पेन्सिल गिल केन यांची, शाई मुख्यतः जॉन रोमिता यांची, संपादक रॉय थॉमस. पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडरमॅन, कॅनडाहून परतलाय, सर्दीने बेजार आहे. त्याचा मित्र हॅरी ऑस्बर्न अमली पदार्थाच्या अतिसेवनाने अंथरुणाला खिळलाय. (हॅरीच्या व्यसनाची गोष्ट दोन वर्षं आधी, १९७१ साली आली होती. ते तीन अंक कॉमिक्स कोडच्या, म्हणजे कॉमिकच्या धंद्याने स्वतःवर घालून घेतलेल्या सेन्सॉरच्या, शिक्क्याशिवाय बाजारात आले, आणि त्याच वर्षी कोडचे नियम बदलले. म्हणजे ही मालिका धोका पत्करायला घाबरणारी नव्हती.) मुलाची ती अवस्था आणि धंद्यातली खोट यांनी हॅरीचा बाप नॉर्मन पुन्हा भ्रमिष्ट होतो, ग्रीन गॉब्लिनचा मुखवटा चढवतो आणि पीटरच्या घरातून ग्वेनला उचलून पुलाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवतो. मुखपृष्ठावर कोणीतरी जवळचं मरणार असं ठळकपणे सांगितलंय, पण कोण ते नाही. अंकाचं शीर्षक पहिल्या पानावर नाहीच, ते शेवटच्या पानावर येतं. ‘ज्या रात्री ग्वेन स्टेसी गेली’ अशा अर्थाचं ते शीर्षक वाचकाला मिळतं तेव्हा ती गेलेली असते.

आता ते पान. मी ते पहिल्यांदा पाहिलं कॉलेजात असताना, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेल्या एका पुनर्मुद्रणात. पिना गंजलेल्या, मधली पानं सुटलेली. गॉब्लिन ग्वेनला खाली लोटतो. स्पायडरमॅन कठड्यावरून जाळ्याचा दोर सोडतो. उभ्या चौकटीत ती उलटी लोंबकळते आहे, दोर तिच्या पायांना चिकटलाय. तिथे मोठ्या अक्षरांत ‘स्विक’ असा जाळ्याचा आवाज आहे. आणि खाली, तिच्या मानेपाशी, बारीक अक्षरांत दुसरा आवाज: ‘स्नॅप’. पहिल्या वाचनात मला तो दिसलाच नव्हता. डोळा मोठ्या अक्षरांवर गेला आणि पुढे सरकला, कारण पुढे पीटर खुशीत होता. तिला वर ओढताना तो स्वतःचीच पाठ थोपटतोय, आपल्या शक्तीचं कौतुक करतोय. वर आल्यावर तिच्याशी बोलतोय, ती बोलत नाहीये. मग त्याला कळतं. मग मला कळलं, आणि मी पान उलटं फिरवून मागे गेले. तेव्हा तो बारीक आवाज सापडला.

या मागे जाण्यातच अंकाची सगळी कारागिरी आहे. सिनेमात आवाज ऐकू येतो आणि निघून जातो. तो ऐकायचा की नाही हे प्रेक्षकाच्या हातात नसतं. कॉमिकमध्ये आवाज छापलेला असतो, तो जागेवर बसून राहतो, वाचक त्याच्यावरून पुढे जाऊ शकतो आणि परतही येऊ शकतो. पीटरला त्याच्या जगात परत येता येत नाही. आपल्याला येतं. म्हणून आपल्याला त्याच्यापेक्षा एक पुरावा जास्त मिळतो, आणि तरीही त्या पुराव्यावरून निकाल लावता येत नाही. तो आवाज मान मोडल्याचा की दोर ताणल्याचा? मोडली असेल तर तेव्हा ती जिवंत होती का? पुलावरच्या एकाही चौकटीत ती शुद्धीवर नाही. गॉब्लिन ओरडतो की जाळं पोचायच्या आधीच ती मेली होती, इतक्या उंचीवरून पडताना माणूस वाटेतच मरतो. पण तो वेडा आहे आणि खुनी आहे. त्याच्या साक्षीला किंमत काय? चित्र एक सांगतं, अक्षरं दुसरं सुचवतात, संवाद तिसरंच म्हणतो. हा अंक काढणाऱ्या मार्व्हल या प्रकाशनसंस्थेत त्या काळी कथेचा आराखडा आधी, मग चित्रं, आणि शब्द सगळ्यांत शेवटी, अशी पद्धत होती. चित्र आणि शब्द वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या वेळी घडत. बहुतेकदा ही त्या पद्धतीची अडचण ठरे. इथे तिचं सोनं झालं.

पण नुसती शंका ठेवली की गोष्ट मोठी होते असं नाही. कुठे ठेवली हे महत्त्वाचं, आणि त्यासाठी मागे जावं लागतं. १९६२ साली स्पायडरमॅन जन्मला तेव्हा त्याचं पाप काय होतं? समोरून पळणारा चोर त्याने अडवला नाही, आणि त्याच चोराने पुढे त्याच्या काकांना मारलं. हाताशी शक्ती असून काही न करणं, हे ते पाप. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते हे वाक्य त्या पहिल्या गोष्टीत काकांच्या तोंडी नाही, शेवटच्या चौकटीत निवेदक ते म्हणतो. पण वाक्य कोणाचंही असो, हिशेब सरळ आहे: हातपाय हलव, नाहीतर जवळचं माणूस जाईल. १९६६च्या ३३व्या अंकात हा हिशेब पूर्ण फळतो. कित्येक टनांच्या यंत्राखाली दबलेला पीटर, वरून गळणारं पाणी, पलीकडे पडलेलं मे काकूचं औषध, आणि पानामागून पानं तो ते ओझं उचलत राहतो. उचलतोच. काकू वाचते. वाचक अकरा वर्षं हे शिकत आला होता. आणि मग १२१वा अंक येतो, ज्यात पीटर कचरत नाही, उशीर करत नाही, नेम चुकवत नाही. जे करायला हवं तेच तो करतो, उत्तम करतो, आणि कदाचित त्या उत्तमपणामुळेच ती जाते. ‘कदाचित’ काढून टाका, काय उरतं? ‘त्यानेच मारलं’ म्हटलं तर तो चुकीची वस्तू वापरलेला एक अडाणी मुलगा ठरतो. ‘गॉब्लिनने मारलं’ म्हटलं तर नेहमीची खलनायकाची गोष्ट. दोन्हींत त्याला उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालेला माणूस आज ना उद्या झोपू शकतो.

आपल्याकडे दशरथाची गोष्ट आहे. शब्दवेधी बाण हे त्याचं कसब, त्याचा अभिमान. आणि त्याच कसबाने घडा बुडवणारा श्रावण मारला जातो. जाळं आणि बाण यांत मला फार अंतर दिसत नाही. पण दशरथाला नदीकाठी जाता आलं. मुलगा अजून बोलत होता, त्याने आईबापांकडे पाणी न्यायला सांगितलं, आईबापांनी शाप दिला. शापसुद्धा एक प्रकारचा निवाडाच असतो. काय केलं आणि त्याचं मोल काय, हे त्यात ठरून जातं. पीटरला ना शब्द मिळाला ना शाप.

आता विरोधी बाजू. त्यातली पहिली, भौतिकशास्त्राची, मी हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी २००५ साली सुपरहिरोंच्या भौतिकशास्त्रावर पुस्तक लिहिलं, त्यात हा प्रसंग सोडवून दाखवला आहे, आणि मुलांना संवेग शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण. गॉब्लिनचं म्हणणं तर उघड खोटं आहे. नुसतं पडण्याने माणूस मरत नाही, नाहीतर हवाई छत्रीने उडी मारणारे सगळेच छत्री उघडायच्या आत गेले असते. मारतं ते थांबणं, आणि जितक्या कमी वेळात थांबाल तितकं जास्त. मान्य. पण या गणिताला उंची लागते. ती कुठून घेणार? अंकातले शब्द म्हणतात पूल जॉर्ज वॉशिंग्टनचा, ज्याचे मनोरे सुमारे १८४ मीटर उंच. चित्रात आहे ब्रुकलिनचा पूल, त्याचे मनोरे सुमारे ८४ मीटर. कोणत्या पुलावरून ती पडली हेच जिथे पक्कं नाही, तिथे आकडा कितीही काटेकोर काढा, तो आपण बाहेरून आणलेला आकडा. आणि समजा, दोन्ही पुलांना उत्तर एकच येतं की झटका जीवघेणा होता. तरी माझा प्रश्न राहतो: पीटर पार्कर स्वतः विज्ञानाचा विद्यार्थी आहे ना? जे गणित माझा चौदा वर्षांचा भाचा फोनवर करतो, ते त्याला येत नाही? मुद्दाच तो आहे. ज्याला हे गणित येतं त्याच्याच डोळ्यांसमोर ते घडलंय, आणि त्या पानांवर तो ते करत नाही. करायची त्याच्यात हिंमत नाही, असं मी वाचते. आपण ते त्याच्या वतीने करून देतो तेव्हा त्याचं दुःख समजून घेत नाही, त्याच्या हातातून काढून घेतो.

दुसरा मुद्दा अधिकाराचा. चारच अंकांनंतर, १२५व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर प्रकाशकांकडून खुलासा छापला गेला: जाळ्याने एकदम थांबवल्यामुळे मानेला बसलेल्या झटक्याने ती गेली. मग मालकच सांगतो म्हटल्यावर वाद कसला? कबूल आहे, हा पुरावा जोरदार आहे. पण तो कथेत नाही, पत्रांच्या पानावर आहे, आणि तो का छापावा लागला हे पाहायला हवं. वाचक खवळले होते, उत्तर मागत होते. महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या मालिकेला वाचकांना उत्तर द्यावंच लागतं. पण उत्तर द्यावं लागणं आणि ते कथेचा भाग होणं यांत फरक आहे. १८९३ साली होम्सला धबधब्यात लोटणाऱ्या कॉनन डॉइललाही वाचकांपुढे शेवटी झुकावं लागलं आणि होम्स परत आला. पण म्हणून त्या कड्यावर पोचलेल्या वॉटसनचं एकटेपण खोटं ठरत नाही. ते पान वाचताना आजही तितकंच लागतं.

याला जोडून कोणी म्हणेल, ही तुमची शंका म्हणजे निव्वळ ‘नरो वा कुंजरो वा’. लेखकाला निर्णय घ्यायचा नव्हता, त्याने अंग चोरलं. ज्यांना पुलाचं नाव नीट लिहिता आलं नाही त्यांच्या पदरी इतकं श्रेय कशाला? हा आक्षेप मला खरंच अडतो. घाई होती, चुका झाल्या, हे अंकात दिसतंच. पण अंग चोरणारा लेखक आवाज लिहितच नाही. ‘स्नॅप’ नसता तर ग्वेन सरळ गॉब्लिनच्या खात्यावर गेली असती, नायक स्वच्छ राहिला असता, आणि पुढच्या अंकाची सोयही झाली असती. धर्मराजाने अर्धं वाक्य स्वतःला वाचवायला हळू म्हटलं. इथे हळू छापलेला आवाज नायकाला अडकवतो. तो आवाज तिथे असण्याने कोणाचाही फायदा झालेला नाही.

तिसरा मुद्दा त्या वाचणाऱ्या मुलाचा, आणि एक बाई म्हणून मला तो सगळ्यांत जवळचा. १९९४च्या ‘ग्रीन लँटर्न’च्या एका अंकात नायकाला त्याच्या मैत्रिणीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं. १९९९ साली गेल सिमोन यांनी नायकांच्या गोष्टी पुढे रेटण्यासाठी मारल्या, छळल्या गेलेल्या स्त्री-पात्रांची यादी केली आणि त्या प्रकाराला त्या फ्रिजवरूनच नाव पडलं. ग्वेन या यादीची आजी आहे, हे मी नाकारत नाही. पुलावर तिला एक वाक्य मिळत नाही. तिच्या बाजूने तिथली एक चौकट नाही. पडद्यामागची हकीकतही काही सुखाची नाही: आधी मे काकूला मारायचा विचार होता, रोमितांनी ग्वेनचं नाव सुचवलं, आणि कॉनवे यांनी पुढे उघडच सांगितलं की त्यांना पीटरच्या कंपूतली दुसरी मुलगी, मेरी जेन, जास्त रस घेण्यासारखी वाटे. एका मुलीचा जीव असा पारड्यात तोलला गेला. गडकऱ्यांच्या सिंधूबद्दल जो प्रश्न आपण मराठीत किती तरी वर्षं विचारत आलोय, तिचं मरण तिचं स्वतःचं आहे की सुधाकराच्या शोकांतिकेचं सामान, तोच इथे विचारायला हवा, आणि उत्तर ग्वेनच्या बाजूने लागत नाही.

एवढं मान्य करूनही मी या अंकाला त्या यादीतल्या इतरांच्या रांगेत बसवणार नाही. त्या प्रकारच्या गोष्टीत मरण हे इंधन असतं. नायक पेटतो, सूड घेतो, मोठा होतो. १२२वा अंक बघा. पीटर गॉब्लिनला गाठतो, बदडतो, आणि जीव घेण्याच्या काठावर स्वतःच थांबतो. गॉब्लिन मरतो तो स्वतःच्याच उडत्या यंत्राच्या घावाने. सूड घेतला गेला नाही, टळलाही नाही. फक्त संपून गेला, आणि पीटरला हलकं वाटत नाही. ज्या मृत्यूने नायकाला काहीच मिळत नाही, त्याला इंधन कसं म्हणायचं? रोमितांनी लहानपणी, १९४१ साली, मिल्टन कॅनिफ यांच्या ‘टेरी अँड द पायरेट्स’ या वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत रेव्हन शेर्मन या नायिकेचं मरण वाचलं होतं आणि ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. ग्वेनचं नाव सुचवताना त्यांच्यापुढे तीच होती. वाचकाला जन्मभर पुरेल असं काहीतरी, एवढाच तो हिशेब होता.

नक्कल करणाऱ्यांनी मात्र मरण उचललं आणि शंका टाकून दिली. १९८८ साली बॅटमनच्या सहकाऱ्याला, जेसन टॉडला, मारायचं का जगवायचं यावर वाचकांकडून फोनवर मतं मागवली: ५,३४३ विरुद्ध ५,२७१, आणि ७२ मतांनी पोरगं गेलं. १९९२च्या अखेरीस सुपरमॅनच्या मरणाचा अंक काळ्या पिशवीत बंद होऊन विकला गेला आणि वर्षभरात सुपरमॅन परत आला. खुद्द ग्वेनचंही १९७५ साली प्रतिरूप आणलं गेलं. २००४ साली तिच्या आयुष्यात मागाहून अशा गोष्टी घुसवल्या की त्या पुढे पुसून टाकाव्या लागल्या. प्रत्येक वेळी कोणीतरी काहीतरी समजावून सांगत होतं. एकच नवी गोष्ट मला मनापासून आवडली. २०१४ साली आलेली ती ग्वेन, जिला कोळी चावतो, जिथे पीटर जातो आणि ती उरते. तिने पुलावरच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, तो प्रश्न उलटा धरून स्वतःच्या खांद्यावर घेतला. आणि पुलावर न मिळालेलं वाक्य तिला शेवटी मिळालं.

भाच्याच्या घरचा वाद पेटला तो या नव्या ग्वेनमुळेच. २०२३चा तिचा आणि माइल्स या दुसऱ्या एका स्पायडरमॅनचा चित्रपट या पोरांनी मराठीत पाहिलाय. तो मराठीतही आला होता. त्यात जगं अनेक आणि प्रत्येक जगाचा स्पायडरमॅन वेगळा. त्यांतला एक ठासून सांगतो की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही मरणं ठरलेलीच, ती टळली तर जग कोसळेल. मुंबईच्या धर्तीवर उभ्या केलेल्या शहरात तिथल्या स्पायडरमॅनच्या, पवित्र प्रभाकरच्या, डोळ्यांदेखत एक पोलीस अधिकारी मरायचा असतो आणि माइल्स त्याला वाचवतो. पोरांना वाटतं हा नियम ग्वेनच्या मरणातून आला. मला वाटतं त्या मरणाने असा कुठलाही नियम सांगितला नव्हता. पुलावर काहीही ठरलेलं नव्हतं. ठरलेलं असतं तर पीटरला केवढा दिलासा मिळाला असता!

त्या रात्री वाद निवल्यावर मी पोरांना अंक दाखवला. भाच्याने ते पान डोळ्यांजवळ नेलं, बोट ‘स्नॅप’वर ठेवलं आणि बराच वेळ गप्प राहिला. मग विचारलं, ‘‘मावशी, मग त्याने काय करायला हवं होतं?’’ मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने पुढचा अंक मागितला. १२२व्याच्या शेवटच्या पानावर मेरी जेन पीटरचं सांत्वन करायला आलेली असते, तो तिला वाट्टेल ते बोलून हाकलतो. ती दारापर्यंत जाते. दार उघडं आहे, तिचा हात दारावर आहे. आणि मग ती ते आतून लावून घेते. तिथेही एक बारीक आवाज छापलाय, कडी लागल्याचा. ती का थांबली हे कोणी सांगत नाही.